बागेतील रिकाम्या तासाचा कैवार

गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांच्या घरी चहाला मंडळी जमली होती. त्यांतील एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, "आपण रोज संध्याकाळी शिवाजी पार्कवर असता असे ऐकतो. किती फेऱ्या घालता?"

"एकही नाही. कट्ट्यावर बसतो."

"कोणाची वाट पाहता?"

"नाही."

"मग वाचता?"

"नाही."

"मग करता तरी काय?"

"माणसे पाहतो."

हे ऐकून त्या गृहस्थांनी प्रथम आमच्या पिकल्या केसांकडे आणि मग आमच्या पोटाकडे दृष्टी टाकली, आणि मोठ्या सहानुभूतीने म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, निदान दोन फेऱ्या तरी घालत जा."

हे गृहस्थ सुशिक्षित आहेत, सज्जन आहेत, आणि आमच्या प्रकृतीविषयी त्यांस वाटणारी काळजी खरी आहे; तेव्हा त्यांच्याशी आमचे भांडण नाही. परंतु त्यांच्या मुखाने जो विचार बोलला तो आज आमच्या सबंध वर्गाचा विचार झाला आहे. सार्वजनिक बाग ही काही तरी करण्याची जागा आहे, तेथे येणाऱ्याने येण्याचे कारण बरोबर आणले पाहिजे, आणि जो नुसता बसतो तो एक तर आळशी असला पाहिजे नाही तर संशयास्पद, असे हे मत आहे. या मतास आमचा सक्त विरोध आहे. चार अनोळखी माणसांत नुसते बसणे आणि त्यांस पाहणे हा शहरात राहणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे. इतकेच नव्हे तर ते त्याचे शिक्षण आहे. हा हक्क आज थोडाथोडा करून हिरावून घेतला जात आहे. आणि खेदाची गोष्ट ही की, त्या कामी लागणाऱ्या अर्जांवर सह्या आमच्यासारख्यांच्याच असतात.

प्रथम आमच्या तासाचा हिशेब देतो. साडेपाचच्या सुमारास आम्ही कट्ट्यावर नेहमीच्या जागी बसतो. समोर क्रिकेटची जाळी लागलेली असतात. स्वतःपेक्षा मोठी पिशवी पाठीवर घेऊन पांढऱ्या कपड्यांतील मुले येतात, आणि त्यांच्या आया मांडीवर डबा घेऊन आमच्या शेजारी टेकतात. यांतील एकीस आम्ही बरेच दिवस पाहत आहोत. तिला खेळातले काही कळत नसावे. परंतु मुलगा चेंडू टाकावयास धावू लागला की हिच्या पायाची बोटे चपलेत आखडतात, आणि चेंडू पडला की सुटतात. पलीकडे दोन वृद्ध गृहस्थ बसतात. त्यांच्यामध्ये हातभर अंतर असते आणि बोलणे जवळजवळ नसते. पण एकास यावयास उशीर झाला की दुसरा आपली पिशवी त्या हातभर जागेवर ठेवून देतो, कोणी बसू नये म्हणून. सहा वाजता एका इमारतीवरचा पहारेकरी पाळी संपवून येतो, बूट काढतो, पाय कट्ट्यावर घेतो, आणि गावी फोन लावून पहिला प्रश्न विचारतो तो पावसाचा. चाकाच्या खुर्चीतील आजीबाईंस घेऊन येणारी एक बाई आजींचे तोंड मैदानाकडे करून देते आणि आपण मात्र रस्त्याकडे पाहत राहते. तिचे स्वतःचे मूल त्या वेळी कोठे असते हे आम्हांस ठाऊक नाही, पण शाळेच्या गणवेशातील मूल जवळून गेले की तिची मान वळते. झाडाखाली एक तरुण आणि एक तरुणी बसतात. दोघांच्या मध्ये एक पिशवी ठेवलेली असते, आणि त्या पिशवीच्या बळावर आपण कोणाच्या नजरेत भरत नाही अशी त्यांची समजूत असते.

यातून आपणांस काय मिळते, असे कोणी विचारील. एक उदाहरण देतो. कट्ट्याच्या त्याच भागात एक धडधाकट तरुण रोज येऊन नुसता बसे. आम्ही मनाशी त्यास बेकार ठरवून टाकले होते, आणि बेकार म्हटल्यावर त्यास जोडून येणारे दोन-चार दुर्गुणही बहाल केले होते. पुढे एके दिवशी पावसाची सर आली तेव्हा एकाच आडोशाला उभे राहण्याचा प्रसंग आला आणि बोलणे निघाले. तो रात्रपाळीला जाणारा कामगार निघाला. परळला एका खोलीत सहा माणसे. धाकट्या बहिणीचे परीक्षेचे वर्ष. तिला संध्याकाळचे दोन तास तरी खोली निवांत मिळावी म्हणून हा घराबाहेर पडतो आणि पाळीची वेळ होईपर्यंत येथे काढतो. ज्यास आम्ही आळस समजत होतो तो त्याचा बहिणीसाठी केलेला त्याग होता. तीस वर्षे मुलांना शिकविण्यात घालविलेल्या माणसास त्याचा स्वतःचा मूर्खपणा असा कट्ट्यावर बसल्या बसल्या दाखवून देणारी दुसरी शाळा आम्हांस ठाऊक नाही.

आणि शाळा हा शब्द आम्ही सहज वापरला नाही. ज्या ग्रीक शब्दापासून इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द आला त्याचा मूळ अर्थच मुळी 'फावला वेळ' असा आहे. १७११ साली अॅडिसन आणि स्टील यांनी लंडनात जे पत्र काढले त्यास त्यांनी नाव दिले 'स्पेक्टेटर', म्हणजे पाहणारा. आणि ज्या निबंधवाङ्मयाचे आम्ही विद्यार्थ्यांपुढे गोडवे गातो त्याच्या मुळाशी कॉफीगृहात आणि बागेत बसून माणसे पाहणारा हाच रिकामा मनुष्य आहे. पण परदेशी दाखले कशाला? आपल्या खेडेगावात वडाला किंवा पिंपळाला पार बांधीत असत तो काय केवळ झाडाच्या मुळांसाठी? घराला ओटा असे तो कशासाठी? पारावर बसलेल्यास 'येथे का बसलास' असे विचारण्याची चाल नव्हती. वास्तविक पाहता या पारावर सर्वांस जागा नव्हती. जातीने खालचा ठरविलेला मनुष्य पारावर चढू शकत नसे आणि बाई तर दिसतच नसे. शहरातल्या बागेने या जुन्या पाराचा विसावा तेवढा घेतला आणि त्याचा सोवळेपणा टाकून दिला, हेच तिचे मोठेपण आहे. नगरपालिकेने १९२५ साली माहीम पार्क म्हणून जे मैदान लोकांस खुले केले आणि ज्यास दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवछत्रपतींचे नाव मिळाले, ते सुमारे २८ एकरांचे शिवाजी पार्क म्हणजे असा एक प्रचंड पार होय, आणि भोवतालचा बसका कट्टा हा त्याचा ओटा होय.

आमचे स्वतःचे बालपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही सात माणसे. वडील कारकून होते. रात्री जेवण झाले की ते सदरा चढवून चौपाटीवर जात आणि वाळूत तासभर बसत. कधी कधी आम्हांस बरोबर नेत. तेथे ते फारसे बोलत नसत. समोरून जाणारी येणारी माणसे पाहत, आणि घरी परतताना त्यांचा आवाज बदललेला असे. ज्यांच्या घरी दिवाणखाना आहे त्यांस चौपाटी ही मौज वाटेल. आमच्या वडिलांना तोच दिवाणखाना होता. या शहरातल्या लक्षावधी माणसांस आजही त्याखेरीज दुसरा दिवाणखाना नाही, ही गोष्ट बागांचे नियम ठरविणारांनी क्षणभरही विसरू नये.

येथे आम्हांस याच गिरगावातील एक खरी घडलेली हकीकत सांगावयाची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चर्नी रोडच्या बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक विद्वान शिक्षक फावल्या वेळी येत असत. शिवचरित्राचे आणि बुद्धचरित्राचे लेखक म्हणून मराठी वाचकांस त्यांचे नाव परिचित आहे. त्याच बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा येऊन पुस्तक वाचीत बसे. घरी परळच्या चाळीतली एक खोली, तीत सगळा संसार. वाचावयास निवांत जागा नाही. इतर मुले खेळत असता हा एकटाच पुस्तकात डोके घालून बसलेला असतो हे केळुसकरांच्या नजरेस आले. त्यांनी जवळ जाऊन त्याची विचारपूस केली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढे १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या अभिनंदनासाठी सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, आणि त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळाली तीतही केळुसकरांचा शब्द होता. १९५६ साली नागपुरास काय घडले ते सर्वांस विदित आहे.

बागेतल्या त्या एका भेटीने सर्व काही घडले असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. त्या मुलाची बुद्धी त्याची होती, कष्ट त्याचे होते, आणि त्याच्या वडिलांनी त्याच्या पुस्तकांसाठी काढलेली कर्जे त्यांची होती. पण त्या घटनेस तीन गोष्टी लागल्या, आणि त्या तिन्ही बागेने पुरविल्या. ज्याच्या घरी जागा नव्हती त्या मुलास बसावयास जागा मिळाली. ज्या काळी शाळेत त्यास वेगळे बसवीत त्या काळी या जागी तो इतरांच्या बरोबरीने बसला. आणि ज्यास घाई नव्हती असा एक मनुष्य तेथे होता, ज्याने मान वर करून आजूबाजूला पाहिले. केळुसकर त्या बागेत डोके खाली घालून नेमाने फेऱ्या घालीत असते तर तो मुलगा त्यांस दिसला असता काय, हा प्रश्न आमच्या फेऱ्यावाल्या स्नेह्यांनी स्वतःस विचारावा.

आता हाच मुलगा आज आमच्या एखाद्या सुधारलेल्या बागेत येतो अशी कल्पना करा. फाटकाशी फलक असेल, आणि त्यावर काय करू नये याची यादी. बागेच्या कडेने चालण्याचा पट्टा असेल. त्यावर उभे राहिल्यास मागून येणारे आरोग्यप्रेमी 'बाजू, बाजू' म्हणून ओरडतील. मध्ये व्यायामाची लोखंडी यंत्रे असतील. हिरवळीवर पाय ठेवावयाचा नाही. एखादे बाक असलेच तर त्याच्या मध्ये मुद्दाम दांडे घातलेले असतील, कोणी आडवे होऊ नये म्हणून. मुलगा दुपारी आला तर? दुपारी बागेस कुलूप घालण्याची वहिवाट या शहरात वर्षानुवर्षे होती. ज्या वेळी उन्हाने भाजून निघालेल्या फेरीवाल्याला, कुरिअरच्या पोऱ्याला, दोन घरच्या कामांमध्ये तास मोकळा असलेल्या मोलकरणीला सावलीची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्या वेळी झाडे आत आणि माणसे बाहेर! आणि एवढे करून मुलगा बाकावर बसलाच, तर रखवालदाराची शिट्टी आहेच.

कोणी म्हणेल, बागेत व्यायाम करू नये काय? अवश्य करावा. शिवाजी पार्कच्या कडेला मल्लखांबावर उलटी लटकणारी मुले पाहणे हा तर आमच्या तासातला एक मोठा आनंद आहे. आमचा आक्षेप व्यायामास नाही. व्यायामाच्या मक्तेदारीस आहे. १८९६ च्या प्लेगनंतर या शहराचे डोळे उघडले, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि मोकळी जागा म्हणजे शहराची फुप्फुसे हा विचार रुजला. त्या विचाराने दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांसारख्या पुष्कळ चांगल्या गोष्टी दिल्या; त्याचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण शहरास फुप्फुसांबरोबर डोळेही लागतात. बाग ही शहराची परस्परांस पाहण्याची जागा आहे. जे शहर श्वास घेते पण एकमेकांस पाहत नाही त्यास गर्दी म्हणावे, समाज म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नुसते बसू दिले की वाईट लोक येतात, बायकामुलींस त्रास होतो, असे म्हणतात. येथे आम्ही प्रथम एक गोष्ट मान्य करतो. पाहणे आणि रोखून बघणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्याच्या नजरेने समोरच्यास अवघडल्यासारखे होते त्याने ती नजर वळविली पाहिजे, आणि न वळविल्यास त्यास इतरांनी समज दिली पाहिजे. बागेतील पाहणे हे देवळातल्या आरतीच्या वेळी शेजाऱ्याकडे जाणाऱ्या नजरेसारखे, सहज आणि मर्यादशील असावे. परंतु त्रासावर उपाय म्हणून बागच ओस पाडणे हा डोके दुखते म्हणून डोके उडविण्याचा प्रकार झाला. जागा सुरक्षित होते ती तेथे असणाऱ्या पुष्कळ सामान्य नजरांनी. अमेरिकेत जेन जेकब्स या विदुषीने १९६१ साली आपल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले. आणि आमच्या मुंबईच्याच शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' नावाचे पुस्तक लिहून याच्याही पुढचा प्रश्न विचारला: स्त्रीने काही कारण नसता, नुसते रमतगमत सार्वजनिक जागी का असू नये?

त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे वाचकांनी स्वतः कट्ट्यावर बसून ताडून पाहावे. पुरुष एकटा येतो आणि बसतो. बाई एकटी आली तर तिच्या हातात काही तरी असतेच: भाजीची पिशवी, मुलाचा डबा, निदान कानाशी फोन. मी येथे कामास आले आहे, असे तिला सांगावे लागते. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीस आम्ही विचारले, "तू संध्याकाळी बागेत नुसती बसतेस का?" ती हसून म्हणाली, "सर, बसते ना. पण पुस्तक उघडून बसते. वाचत नाही, नुसते उघडते." तीस वर्षांच्या अध्यापनात पुस्तकाचा असा उपयोग आम्ही प्रथमच ऐकला. ज्या मुलीस आम्ही पदवी देतो, मत देतो, नोकरी देतो, तिला बाकावर बसण्यासाठी पुस्तकाचा बुरखा घ्यावा लागतो, आणि आम्ही बागेच्या सुरक्षिततेच्या गोष्टी बोलतो!

तिसरी गोष्ट पैशाची. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासून लोकांची आहे. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराने सुटीच्या दिवशी बायकामुले घेऊन दशम्या-चटणी बांधून जावयाची ती बाग हीच. २०१७ साली तेथील प्रौढ मनुष्याचे प्रवेशमूल्य पाच रुपयांवरून एकदम पन्नास रुपये झाले. पेंग्विन पाहण्यासाठी पन्नास रुपये अधिक नाहीत, असे आमच्या वर्गातील पुष्कळांनी त्या वेळी म्हटले. पण ज्यास पेंग्विन पाहावयाचे नाहीत, फक्त एका जुन्या झाडाखाली बसावयाचे आहे, त्याने काय करावे? त्याच्या सावलीची किंमत दसपट झाली ती कोणत्या न्यायाने? त्याआधीच्या वर्षी, २०१६ च्या जानेवारीत, मोकळ्या जागा सांभाळण्यासाठी खाजगी संस्थांच्या हाती देण्याचे धोरण महापालिकेच्या सभेने मंजूर केले होते. लोकांनी ओरड केली म्हणून मुख्यमंत्र्यांनी त्यास स्थगिती दिली. ओरड केली की ऐकू जाते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आणि सर्वांत मोठा हिशेब तर गिरणगावाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि गिरण्यांचे भोंगे एकेक करून कायमचे बंद पडले. त्या ५८ गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले होते की, गिरणीच्या जमिनीचा विकास करताना स्थूलमानाने एक तृतीयांश भाग शहरास मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, आणि उरलेला मालकास मिळावा. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली, आणि वाटणी सबंध जमिनीची न राहता फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्यापुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने कौल दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. ज्यांच्या बापजाद्यांनी त्या जमिनीवर घाम गाळला त्यांच्या नातवंडांस तेथे पाय पसरावयास जे मैदान मिळाले असते, त्याच्या जागी आज मनोरे उभे आहेत. त्या मनोऱ्यांत बागा नाहीत असे नाही. सातव्या-आठव्या मजल्याच्या उंचीवर, मोटारींच्या तळाच्या डोक्यावर, सुंदर बागा आहेत. त्यांत झाडे आहेत, कारंजी आहेत, बाकेही आहेत. फक्त अनोळखी मनुष्य नाही. आणि ज्या बागेत अनोळखी मनुष्य येऊ शकत नाही तीत पाहण्यासारखे काय आहे? आपलेच शेजारी, आपलेच कपडे, आपल्याच मोटारींच्या गोष्टी. अशा बागेत वाढणाऱ्या मुलास पुढे या शहराचा कारभार करावा लागेल, तेव्हा पावसाची चौकशी करणारा तो पहारेकरी त्याच्या हिशेबात कोठे असेल?

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे येतो, कारण दुसऱ्यास नावे ठेवून मोकळे होणे न्यायाचे नव्हे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या घराजवळच्या एका लहानशा बागेच्या फाटकाशी एक बाक होते. त्यावर संध्याकाळी काही माणसे बसत. मोठ्याने बोलत, कधी पत्ते खेळत. आमच्या भागातल्या काही प्रतिष्ठित रहिवाशांनी 'रिकामटेकड्यांचा अड्डा' या शब्दांत अर्ज तयार केला, आणि त्याची भाषा तपासून देण्यासाठी तो आमच्याकडे आणला. आम्ही भाषा तपासली, दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, आणि खाली सहीही केली. महिन्याभरात बाक गेले. माणसे गेली. जागा स्वच्छ झाली, आणि आम्हांस समाधान वाटले. पुढे आमच्या मातोश्री आजारातून उठल्या. डॉक्टरांनी थोडे चालावयास सांगितले. आम्ही त्यांस हात धरून फाटकापर्यंत नेत असू. तेथे त्यांस दम लागे, आणि टेकावयास जागा नसे. त्या कठड्यास धरून उभ्या राहत आणि म्हणत, "येथे पूर्वी बाक होते ना रे?" आम्ही "हो" म्हणत असू. अर्जाची गोष्ट त्यांस सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, आणि आता त्या नाहीत.

म्हणून आम्ही म्हणतो की, बाक काढविणारा मनुष्य दुसऱ्याचे बाक काढतो असे त्यास वाटते खरे, पण म्हातारपण कोणास चुकले आहे? 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आमच्या तोंडावर फेकली जाईल. फेकावी. त्या म्हणीतला न्हावी रिकामपणी भलता उद्योग करतो म्हणून हास्यास्पद होतो. तो पारावर स्वस्थ बसला असता तर त्याच्यावर म्हण पडलीच नसती. 'रिकामे मन सैतानाचे घर' हेही सांगण्यात येईल. पण त्यातला सैतान आमच्या पुराणातला नव्हे, आणि ज्या देशातून तो आला तेथील लोकांनी आपल्या राजधानीतली मोठमोठी उद्याने मात्र जपून ठेविली आहेत.

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातून, मराठवाड्यातून, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसे चैत्यभूमीच्या दर्शनास येतात आणि शिवाजी पार्कच्या मैदानात विसावतात. त्या दिवसांत आमचे काही शेजारी गर्दीला कंटाळून गावी निघून जातात. आम्हीही पूर्वी जात असू. हल्ली जात नाही. मैदानभर पसरलेल्या सतरंज्या, पुस्तकांची दुकाने, वीस रुपयांची पुस्तिका दोन्ही हातांनी धरून पाने उलटणारी म्हातारी, बापाच्या खांद्यावर झोपी गेलेले पोर, हे सर्व पाहत बसावे, आणि चर्नी रोडच्या बागेतील त्या वाचणाऱ्या मुलाची आठवण करावी. ज्यास बाकाचा एक कोपरा पुरला त्याच्यासाठी आज सबंध मैदान अपुरे पडते. एवढी पुस्तके एकाच मैदानात विकली जाताना आम्ही दुसरीकडे कोठे पाहिली नाहीत; प्रोफेसरांच्या परिषदांत तर नाहीच नाही.

तर आमचे मागणे थोडे आहे. ज्यांवर पाठ टेकून बसता येईल अशी बाके असावीत. पिण्याचे पाणी असावे, आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय असावे, कारण त्यावाचून 'बायकांनी यावे' हे बोलणे फुकट आहे. ऐन दुपारी फाटक उघडे असावे. तिकीट नसावे. २०२४ साली महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानापैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचे ठरले. तेथे काय काय चमत्कार उभारावेत याच्या योजना कोणी करू लागल्यास त्याने प्रथम मोकळी जमीन, झाडे आणि बाके एवढ्या तीन वस्तूंचा विचार करावा. आणि रखवालदारास एवढेच शिकवावे की, 'येथे काय करतोस' हा प्रश्न त्याने कोणासही विचारू नये.

वाचकांकडेही आमचे एक मागणे आहे. आठवड्यातून एक तास काढावा. फोन घरी ठेवावा. फेऱ्या घालू नयेत. जवळच्या बागेत, जेथे आपल्या ओळखीचे कोणी नाही अशा बाकावर जाऊन बसावे, आणि शेजारी कोणी येऊन टेकले तर पिशवी उचलून जागा करून द्यावी. पुढच्या वेळी असा एखादा अर्ज सहीसाठी आला, तर तो हातात घेण्यापूर्वी त्या बाकावर एकदा स्वतः बसून यावे. इतके केल्यावरही ज्यास सही करावीशी वाटेल त्याने ती खुशाल करावी. ऱ्हस्वदीर्घ मात्र आम्ही तपासून देणार नाही.